एमए-एमएस्सी झालं, आता कॉलेजात, विद्यापीठात किंवा रिसर्चमध्ये नोकरी कशी शोधायची?

एमएस्सी किंवा एमएचा निकाल लागला की बरीच मुलं जॉब पोर्टलवर प्रोफाइल टाकतात, चार-सहा महिने वाट बघतात, कुठूनच फोन येत नाही, आणि मग जवळच्या सीनियर कॉलेजात जो विषय मिळेल तो सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर) शिकवायला लागतात. यात मुलांची चूक नाही, त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. या क्षेत्रातल्या नोकऱ्या नेहमीच्या जॉब पोर्टलवर फारशा येतच नाहीत, त्या वेगळ्या ठिकाणी निघतात, आणि जाहिरात निघाल्यावर अर्जाला बऱ्याचदा फक्त १५ दिवस मिळतात. त्यामुळे जाहिरात आल्यावर तयारी करू म्हणणाऱ्याची जाहिरात निघून जाते. तयारी आधी, जाहिरात नंतर, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा. मी मुख्यतः महाराष्ट्र-गोव्याचं सांगतोय, कारण इथली पद्धत मला जवळून माहितीय.

१. आधी हे ठरवा, शिकवायचंय की रिसर्च करायचंय

दोन्ही करायचंय असं सगळेच म्हणतात आणि ते खोटंही नसतं, पण सुरुवातीला दोघांचे रस्ते वेगळे आहेत. शिकवायचं असेल तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा पास हवी, मग कॉलेज आणि विद्यापीठांच्या जाहिराती. रिसर्च करायचं असेल तर प्रोजेक्टमधली जागा, मग पीएचडी, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन), आणि या रस्त्याने जाऊन पुढे शिकवण्याकडे वळता येतं. उलटं करणं, म्हणजे पाच-सात वर्षं फक्त तासिका घेऊन मग रिसर्चकडे वळणं, अवघड जातं. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, ती नेटमधूनच मिळते, तिला वयाची अट आहे (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटला खुल्या गटासाठी ३० वर्षं, महिला आणि राखीव गटांना त्यात ५ वर्षांची सूट), ती अट तुमच्यासाठी थांबत नाही. मनात गोंधळ असेल तर आधी प्रोजेक्टवर एक वर्ष काढून बघा असंच मी सांगेन.

२. पात्रतेचा कागद

सहायक प्राध्यापक व्हायचं तर मास्टर्सला ५५ टक्के (राखीव गटांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट. मध्ये काही वर्षं विद्यापीठातल्या जागांसाठी पीएचडी सक्तीची होणार असं चाललेलं, ती तारीख पुढे पुढे ढकलली आणि शेवटी १ जुलै २०२३ पासून यूजीसीने नेट/सेट हीच किमान पात्रता ठेवली, पीएचडी ऐच्छिक झाली. ऐच्छिक म्हणजे बिनकामाची नाही हां, शॉर्टलिस्टिंगमध्ये तिचे भरपूर गुण धरतात, खाली सांगतो. नेट नसेल पण यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या नियमांनुसार पीएचडी केलेली असेल तरीही पात्र धरतात.

नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सायकल म्हणतात, परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते. दोन पेपर, तीन तास, पहिला ५० प्रश्नांचा सगळ्यांना सारखा, दुसरा तुमच्या विषयाचा १०० प्रश्नांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. सायन्सवाल्यांची सीएसआयआर-नेट वेगळी, तिथे निगेटिव्ह मार्किंग आहे, त्यामुळे तुक्के मारायची सवय तिथे अंगाशी येते. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं, पहिला पेपर मराठीतही असतो, वयाची वरची अट नाही. मात्र सेटवर दुसऱ्या राज्यात नोकरी मिळत नाही, नेट देशभर चालते. पास होण्याइतके मार्क पडले म्हणजे झालं असं दोन्हीकडे नाही, दोन्ही पेपरला बसलेल्यांपैकी ६ टक्क्यांनाच पात्र ठरवतात, म्हणून कट-ऑफ विषयाप्रमाणे आणि गटाप्रमाणे वरखाली होतो.

पहिल्या पेपरकडे लोक दुर्लक्ष करतात. विषयात हुशार असलेली मुलं तिथेच गुण घालवतात. मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा, दुसरी कुठली युक्ती लागत नाही.

इंजिनिअरिंग कॉलेजांचं वेगळं, तिथे एआयसीटीईचे (तंत्रशिक्षण परिषदेचे) नियम, बीई आणि एमई पैकी एकात फर्स्ट क्लास हवा, नेट लागत नाही. कृषीवाल्यांची नेट एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) घेते, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं त्यांनी नजरेत ठेवायची.

३. जाहिराती निघतात कुठे

अनुदानित कॉलेजांच्या जाहिराती अजूनही वर्तमानपत्रात येतात, आणि त्या पुण्या-मुंबईच्या आवृत्तीतच येतील असं नाही, जिल्ह्याच्या आवृत्तीत कोपऱ्यात छोटी चौकट असते. म्हणून आपापल्या जिल्ह्यातल्या मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप करा, ज्याला दिसेल त्याने फोटो टाकायचा. स्पर्धा आहे म्हणून लपवून ठेवणारे भेटतात, पण विषय वेगळे असतात, प्रवर्ग वेगळे असतात, लपवून कुणाचाच फायदा होत नाही. सरकारी कॉलेजांतल्या जागा एमपीएससीमार्फत भरतात, म्हणजे एलफिन्स्टन किंवा विदर्भातल्या सरकारी संस्थांमध्ये शिकवायचं असेल तर एमपीएससीची साइट बघत राहायची. विद्यापीठातल्या विभागांच्या जागा त्या त्या विद्यापीठाच्या साइटवर निघतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी यूजीसीने २०२३ मध्ये सीयू-चयन नावाचं पोर्टल काढलं, तिथे एकाच ठिकाणी सगळ्या केंद्रीय विद्यापीठांच्या जागा दिसतात, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठही केंद्रीयच आहे. रोजगार समाचार आणि एआययूचं (विद्यापीठांच्या संघटनेचं) युनिव्हर्सिटी न्यूज ही साप्ताहिकं कॉलेजच्या लायब्ररीत पडून असतात, चाळायला दहा मिनिटं लागतात. मराठी घेऊन एमए केलेल्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाची साइटही बघत जा, नवीन विद्यापीठ आहे.

४. जाहिरात वाचायला शिका

इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात.

समजा चौकटीत लिहिलंय की रसायनशास्त्र, सहायक प्राध्यापक, पदं २, एक इमाव (इतर मागासवर्ग, म्हणजे ओबीसी), एक खुला महिला, पूर्णवेळ, अनुदानित. आधी 'अनुदानित' शब्द शोधा. अनुदानित म्हणजे पगार सरकारकडून, सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० मध्ये, मूळ पगार ५७,७०० पासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. 'विनाअनुदानित' किंवा 'कायम विनाअनुदानित' असेल तर पगार संस्था देणार, म्हणजे कागदावर तोच स्केल असला तरी हातात किती पडतो ते तिथे आधी काम केलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा. लाजू नका.

मग प्रवर्ग. जागा कुठल्या प्रवर्गाची ते बिंदुनामावलीतून (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम ठरवणाऱ्या तक्त्यातून) ठरतं, कॉलेज आपल्या मनाने बदलू शकत नाही, त्यामुळे "सर मी एसबीसीचा आहे पण विषयात टॉपर आहे, इमावच्या जागेला घ्याल का" असं विचारून उपयोग नाही. खुल्या जागेवर मात्र कुठल्याही प्रवर्गातलं कुणीही अर्ज करू शकतं. जातीचा दाखला, जात वैधता, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर, या तिघांच्या तारखा बघून ठेवा, कारण नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपते आणि नवीन काढायला तहसील आणि सेतूच्या फेऱ्या होतात, त्या १५ दिवसांत बसत नाहीत.

आता खालची बारीक अक्षरातली ओळ. राखीव प्रवर्गाच्या उमेदवारांनी अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडे पाठवावी असं त्यात बहुतेक वेळा असतं. लोक मुख्य अर्ज कॉलेजला पाठवतात आणि ही प्रत विसरतात. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका, स्पीड पोस्टने, पावतीचा फोटो काढून ठेवा, पाकिटावर विषय, प्रवर्ग आणि जाहिरातीची तारीख लिहा. आधीच कुठे नोकरीत असाल तर अर्ज 'योग्य मार्गाने' म्हणजे सध्याच्या संस्थेमार्फत पाठवायचा असतो, प्राचार्यांची सही मिळायला वेळ लागणार असेल तर आगाऊ प्रत सरळ पाठवून द्या.

आणि कॉलेजला पद भरायला उच्च शिक्षण सहसंचालकांची ना-हरकत मिळालीय का, विद्यापीठाने जाहिरातीचा मजकूर मंजूर केलाय का, हे जाहिरातीत कधी लिहिलेलं असतं कधी नसतं, नसेल तर फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. या दोन गोष्टींशिवाय झालेली निवड पुढे विद्यापीठाच्या मान्यतेला अडकते, मग दोन-दोन वर्षं लोक पगाराविना फाइलच्या मागे फिरतात, हे मी ओळखीच्या लोकांचं होताना बघितलंय.

शॉर्टलिस्टिंगचं गणितही इथेच समजून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत त्याचे तक्ते आहेत. विद्यापीठातल्या जागेसाठी पीएचडीला ३० गुण, कॉलेजातल्या जागेसाठी २५. जेआरएफसह नेट असेल तर कॉलेजच्या तक्त्यात १०, नुसती नेट ८, सेट ५. पेपर आणि अनुभवालाही गुण आहेत पण त्यांना वरची मर्यादा आहे, म्हणजे ढीगभर पेपर छापून पीएचडी नसल्याचं भरून निघत नाही. स्वतःचा स्कोअर आत्ताच काढून ठेवा, म्हणजे वर्षभरात कशावर मेहनत करायची ते दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नवीन नियमांचा मसुदा काढलाय, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीत कुठल्या नियमाने निवड होणार ते वाचत जा.

५. प्रोजेक्टमधल्या जागा, ज्या नव्या मुलांना माहितीच नसतात

माझ्या मते नव्याने पास झालेल्यासाठी सगळ्यात चांगली सुरुवात इथे आहे. प्राध्यापकाला किंवा शास्त्रज्ञाला सरकारी खात्याकडून प्रोजेक्ट मिळतो, त्यात मनुष्यबळाचे पैसे असतात, त्यातून जेआरएफ, प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असिस्टंट, फील्ड इन्व्हेस्टिगेटर अशी पदं भरतात. जाहिरात संस्थेच्या साइटवर येते, कधी दहा-पंधरा दिवसांची मुदत, कधी सरळ वॉक-इन, म्हणजे दिलेल्या दिवशी थेट मुलाखतीला जायचं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (त्यापुढची सीनियर फेलोशिप) ४२,००० रुपये अधिक घरभाडं मिळतं. नेट किंवा गेट (आयआयटी-आयआयएससी घेतात ती परीक्षा) नसेल तर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून घेतात, पैसे कमी, पण काम तेच शिकायला मिळतं.

कुठे बघायचं? पुण्यात एनसीएल (रसायन), आयसर (मूलभूत विज्ञान), एनसीसीएस (पेशीविज्ञान), आयुका (खगोल), एनसीआरए (रेडिओ खगोल), आघारकर (जीवशास्त्र), आयआयटीएम (हवामान), एनआयव्ही (विषाणू). मुंबईत टीआयएफआर (मूलभूत संशोधन), आयआयटी, आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान), खारघरचं अॅक्ट्रेक (कर्करोग), वर्सोव्याचं मत्स्य शिक्षण संस्थान. नागपूरला नीरी (पर्यावरण) आणि कापूस संशोधन संस्था. गोव्यात दोनापावलाचं एनआयओ (समुद्रविज्ञान) आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. बारामतीजवळ माळेगावला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे, सोलापूरला डाळिंबाचं केंद्र आहे, आणि तिकडच्या मुलांनाच ते माहिती नसतं. या सगळ्या साइटवर करिअर, व्हेकन्सी किंवा रिक्रूटमेंट नावाचं एक पान असतं, ती पानं बुकमार्क करून दर सोमवारी सकाळी एकदा फिरून या, अर्धा तास लागतो.

आर्ट्सवाल्यांना वाटतं हे सगळं सायन्सचं. तसं नाही. टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), देवनारचं आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यास), पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट इथे सर्वेक्षणाचे प्रोजेक्ट चालू असतात आणि गावात जाऊन मराठीत नीट मुलाखत घेता येणारं माणूस त्यांना हवंच असतं. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. वाईला मराठी विश्वकोशाचं काम आहे. बोलीभाषा येणं, मोडी वाचता येणं, अहिराणी किंवा गोंडी समजणं, हे बायोडेटात वरच्या बाजूला लिहायचं कौशल्य आहे, शेवटी छंदांमध्ये टाकू नका.

वॉक-इनला जाताना सगळी मूळ प्रमाणपत्रं, एक झेरॉक्स सेट, फोटो, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट. सकाळी नऊची वेळ दिली असेल तर साडेआठला गेटवर असा, गेटपास करायला वेळ जातो, आणि प्रवासखर्च मिळत नाही हे धरून चाला. आत बहुतेक पंधरा मिनिटं बोलतात आणि विचारतात ते तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टवर. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करायचं तंत्र) केलंय लिहिलंत तर कॉलम कुठला होता, मोबाइल फेज काय होती हे सांगता आलं पाहिजे. मशीन लॅबच्या सरांनी चालवलं आणि आम्ही बघितलं असं असेल तर तसंच सांगा, खरं सांगणाऱ्याला घेतात, शिकवून घेता येतं.

६. सरळ ईमेल करा, पण नीट करा

प्रोजेक्टच्या जागा निघायच्या आधी प्राध्यापकाला माहिती असतं की दोन महिन्यांनी माणूस लागणार आहे. म्हणून ज्यांचं काम आवडतं त्यांना आधीच लिहायचं. पन्नास जणांना एकच मेल सीसीमध्ये टाकणं म्हणजे पन्नास जणांनी न वाचणं. पाच जण निवडा, प्रत्येकाचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर खरोखर वाचा. मेलमध्ये पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठून काय शिकलात, नेट-सेट-गेट काय झालंय. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कामातला कुठला भाग तुम्हाला पुढे करायला आवडेल आणि का, तीन-चार ओळींत. मग तुम्हाला प्रत्यक्ष काय करता येतं. शेवटी कधीपासून येऊ शकता. एक पानी-दोन पानी सीव्ही पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव द्या, नुसतं 'बायोडेटा फायनल' नको. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. इंग्रजी साधं लिहिलं तरी चालतं, सर-मॅडमना तुमचं काम बघायचंय.

७. पीएचडी आणि फेलोशिप

२०२४-२५ पासून नेटच्या निकालात तीन गट झालेत, जेआरएफसह, फक्त सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश, म्हणजे जेआरएफ हुकली तरी स्कोअर प्रवेशाला वापरता येतो. पण तो प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो, घरी ठेवून देऊ नका. विद्यापीठांच्या स्वतःच्या पेट (पीएचडी प्रवेश) परीक्षाही असतात. गाइड निवडताना त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली हे दोन प्रश्न विचाराच.

पैशाचा प्रश्न असेल तर बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी पीएचडीला फेलोशिप देतात, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय बघा. नोंदणी झाल्या झाल्या यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, यांचे अर्ज थोड्या दिवसांसाठीच उघडतात.

पेपर छापायचे तर पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नल्सपासून लांब राहा. यूजीसीने चांगल्या जर्नल्सची केअर यादी बंद केलीय, त्यामुळे आता जर्नल चांगलं की वाईट हे तुम्हाला आणि गाइडलाच ठरवावं लागतं. आपल्या विषयातले मोठे लोक जिथे छापतात तिथेच पाठवा, वेळ लागला तरी.

८. सीएचबी घ्यावी का?

घ्या, पण किती दिवस ते आधी ठरवून. शिकवायचा हात बसतो, विषय पक्का होतो, विद्यार्थ्यांसमोर उभं राहायची भीती जाते, हे सगळं खरं. पण पैसे तासावर, सुट्टीत काही नाही, बिल निघायला महिनोन्महिने लागतात, आणि तो अनुभव सगळीकडे धरतीलच असं नाही. घेतलीत तर नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि वर्षाअखेरीचं अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच वर्षी मागून घ्या, प्राचार्य बदलले की जुन्या वर्षाचं पत्र मिळणं फार कठीण होतं. दोन वर्षांत नेट किंवा पीएचडीची नोंदणी झाली नाही तर सीएचबी कमी करा आणि अभ्यासाला वेळ काढा. हुशार माणसं आठ-दहा वर्षं दोन-तीन कॉलेजांत एसटीने फिरून तासिका घेतायत, हे बघवत नाही, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

९. इंटरव्ह्यू

निवड समितीत संस्थेचे लोक, प्राचार्य, विषयतज्ज्ञ, विद्यापीठाचे आणि सरकारचे प्रतिनिधी असतात. त्या विद्यापीठाचा सध्याचा सिलॅबस डाउनलोड करून वाचून जा, नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही क्रेडिट, मेजर-मायनर आलंय, त्यावर हमखास प्रश्न येतो. दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात, तेव्हा एफवायच्या मुलांना समजेल असा एक छोटा मुद्दा घ्या, फळ्यावर लिहा, मोठा टॉपिक घेऊन अर्ध्यात सोडू नका. ग्रामीण भागातल्या कॉलेजात मराठीतून समजावता येतं का हेही बघतात.

१०. पैसे मागितले तर

काही ठिकाणी मागतात, हे सगळ्यांना माहितीय. देऊ नका. कर्ज काढून, शेत विकून दिलेले पैसे गेले आणि मान्यताही मिळाली नाही अशी घरं आहेत. निवड झाली नाही तर दुसरी जाहिरात येते, विकलेली जमीन परत येत नाही. मधला माणूस "साहेबांशी बोलणं झालंय" म्हणत असेल तर त्याच्याशी बोलणं तिथेच बंद करा.

११. ऑर्डर हातात आल्यावर

नेमणूक आदेशात पद, विषय, प्रवर्ग, वेतनश्रेणी, परिविक्षा काळ (प्रोबेशन) आणि पद अनुदानित आहे की नाही हे सगळं शब्दाशब्दाने जाहिरातीशी जुळवून बघा. रुजू झाल्याचा अहवाल दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कॉलेजने मान्यतेचा प्रस्ताव विद्यापीठाला कधी पाठवला त्याचा जावक क्रमांक मागून घ्या, मान्यता आली की त्याची प्रत, मग वेतननिश्चितीसाठी सहसंचालक कार्यालयात काय काय पाठवलं त्याची यादी. जुन्या संस्थेचं कार्यमुक्ती पत्र असेल तर तेही याच फाइलला लावा, आणि सगळं स्कॅन करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.